दारात हत्ती झुलवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दारात हत्ती झुलणं ही आपल्याकडे श्रीमंतीची जुनी खूण. आणि हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड, हेही आपलीच माणसं सांगत आली आहेत. आज हत्तीच्या जागी उंच, चामडी सीटांची, काचेच्या छताची एसयूव्ही उभी असते. साठ लाखांपासून दीड कोटीपर्यंत आणि त्याही पुढे तिची किंमत जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. आता अशा गाड्या कराड, सांगली, जळगाव, लातूर, कुठेही दिसतात आणि कुणी वळून बघत नाही.

या गाडीच्या इंजिनाविषयी मी आज बोलणार आहे, पण सगळ्या गिऱ्हाइकांसाठी नव्हे. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने मनाला येईल ते इंजिन घ्यावं. वॉरंटी आहे तोवर दुखणं कंपनीचं असतं. माझं बोलणं आहे ते गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवायचं ठरवून घेणाऱ्यांसाठी. अशी माणसं बरीच आहेत. महागड्या गाडीची किंमत पाच वर्षांत साधारण निम्म्यावर किंवा त्याखाली येते. आयुष्याच्या कमाईतून एकदाच घेतलेली वस्तू इतक्या पडत्या भावात विकायला मन होत नाही. मग ती घरातच राहते, आणि वॉरंटी संपल्यावर हत्तीचं पोट किती मोठं आहे ते कळायला लागतं.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं. नव्या इंजिनाचं कौतुक करायला मला कुणी बोलावलं नाही. माझ्यासमोर इंजिन यायचं ते टेबलावर उघडलेलं, बेअरिंग झिजलेलं, पिस्टन फुटलेलं, पाणी शिरलेलं. त्यामुळे जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरपेक्षा इंजिन कशामुळे मरतं, याकडे माझी नजर आधी जाते. इंजिनं बहुधा चार कारणांनी मरतात : ऑईल, उष्णता, पाणी आणि चुकीचा वापर. यातलं शेवटचं कारण गाडी घेतानाच ठरून जातं, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

माझे दाजी कराडला अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. वय सत्तावन्न. आठवड्यातून दोन दिवस साताऱ्याला, दोन दिवस कोल्हापूरला ऑपरेशनं करतात. वर्षाला गाडी पंचवीस हजार किलोमीटर सहज पळते. त्यांनी एक जर्मन एसयूव्ही पसंत केली आणि मला फोन केला. "अरे, तू फक्त एक शब्द सांग. पेट्रोल का डिझेल?"

मी म्हटलं, "दाजी, आधी पेशंटची हिस्टरी सांगा. मग औषध."

ते हसले, पण मी गंभीरपणे विचारत होतो. त्याच महिन्यात दादरला राहणारा माझा मावसभाऊही तीच गाडी बघत होता. त्याचं ऑफिस फोर्टला. रोज दहा किलोमीटर जाणं, दहा येणं. त्यात ड्रायव्हर, सिग्नल आणि एसी. सुट्टीच्या दिवशी गाडी सोसायटीत उभी. वर्षाचे सहा हजार किलोमीटर. गाडी एकच, किंमत एकच. दोघांना एकच उत्तर दिलं असतं तर त्यातल्या एकाचं नुकसान नक्की होतं.

आधी पैशांचा हिशोब मांडू. आकडे ढोबळ आहेत. पेट्रोल शंभर रुपये, डिझेल नव्वद रुपये धरा. तीन लिटरच्या डिझेल इंजिनाचं ॲव्हरेज बारा, पेट्रोलचं नऊ धरा. दाजींना डिझेलवर वर्षाला सुमारे १,८७,००० रुपये लागतील, पेट्रोलवर २,७८,०००. म्हणजे डिझेलने वर्षाला नव्वद हजार वाचतात. मावसभावाचे डिझेलवर ४५,००० आणि पेट्रोलवर ६७,००० होतील. त्याचे वाचतात फक्त बावीस हजार. आता महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के आणि डिझेल असेल तर १५ टक्के रस्ता कर आहे. नव्वद लाखांच्या गाडीवर हा दोन टक्क्यांचा फरक १,८०,००० रुपयांचा होतो. दाजींचा हा फरक दोन वर्षांत वसूल होतो. मावसभावाला आठ वर्षं लागतात, आणि त्या आठ वर्षांत डिझेलचं एखादं मोठं काम निघालं की वाचलेलं सगळं एका दिवसात जातं.

हे मोठं काम कशाचं निघतं? डिझेल इंजिन मुळात मजबूत. कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे ते जाड धातूचं बनवावं लागतं, कमी फेऱ्यांवर चालतं, घाटात पाय न दाबता गाडी ओढतं. जुने ट्रकवाले डिझेलवर जीव टाकायचे ते याचमुळे. पण १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम आले आणि या पहिलवानाच्या तोंडाला मास्क लागला. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायला वेगळ्या टाकीतलं द्रावण आलं. त्याला कागदोपत्री डीईएफ म्हणतात आणि पंपावर सरळ युरिया म्हणतात. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह तर आधीपासून होताच. हवेसाठी हे सगळं चांगलं आहे आणि आवश्यकही आहे. फक्त त्याची वागण्याची रीत समजून घ्यायला हवी.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळून टाकायला साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते. हायवेवर अर्धा तास सलग गाडी पळाली की हे काम आपोआप उरकतं. दादर ते फोर्ट जाताना ते सुरू होतं आणि अर्ध्यावर गाडी बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ही उष्णता आणण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल फवारलं जातं. काम अर्धवट राहिलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं आणि काडीवर त्याची पातळी उलट वाढलेली दिसते. मालक खूश होतो, की माझी गाडी ऑईल पीतच नाही. आतमध्ये बेअरिंग आणि टर्बो त्या पातळ ऑईलवर झिजत असतात. म्हणून शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने आधुनिक डिझेल घेऊन बारा वर्षं ठेवायची इच्छा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पेट्रोल सरळ सोपं आहे का? पूर्वी होतं. आताच्या महागड्या गाड्यांमधलं पेट्रोल इंजिनही टर्बोवालं आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं असतं. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जायचं आणि जाता जाता त्याला धुऊन काढायचं. थेट फवारणीत ही अंघोळ बंद झाली. त्यामुळे सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर काही इंजिनांत व्हॉल्व्हवर कार्बनचा थर बसतो, पिकअप मंदावतो आणि तो थर सोलून काढावा लागतो. काही कंपन्या दोन्ही जागी इंजेक्टर देतात. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर असं इंजिन अधिक चांगलं. शोरूममध्ये हा प्रश्न जरूर विचारा. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर वर्कशॉपच्या मॅनेजरला विचारा.

दुसरी गोष्ट इंधनाची. २०२५ पासून आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसातून येतं, ही समाधानाची बाब. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव. नव्या गाड्या त्यासाठी तयार करून येतात. जुनी आयात गाडी घेणाऱ्याने मात्र तिच्या इंधनाच्या झाकणावर आणि पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचूनच पुढे जावं. शिवाय ज्याची गाडी महिनोन् महिने उभी राहते, त्याने टाकी अर्धीमुर्धी ठेवून ती विसरू नये.

तिसरा पर्याय हायब्रिडचा. यात दोन जाती आहेत. बऱ्याच जर्मन गाड्यांत ४८ व्होल्टची छोटी मदत असते. ती इंजिन हळुवार चालू करते, थोडा जोर देते, पण गाडी चालवते इंजिनच. दुसरी जात पूर्ण हायब्रिडची. टोयोटा आणि तिच्या लेक्सस ब्रँडने ती वर्षानुवर्षं घासून पुसून घेतली आहे. त्यांच्या अडीच लिटरच्या हायब्रिडमध्ये टर्बो नाही, नेहमीचा गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. दातेरी चाकांचा एक संच आणि विजेच्या मोटारी मिळून सगळं काम करतात. ट्रॅफिकमध्ये इंजिन बराच वेळ बंदच राहतं. जो भाग नाही तो मोडत नाही, हे सर्व्हेअरचं साधं तत्त्वज्ञान आहे. त्यात मोठ्या बॅटरीचा खर्च एक दिवस येणार, हे धरून चालावं. आणि त्या आवाजात सहा सिलिंडरचा तो राजेशाही गोडवा नाही. तो ज्याला हवा आहे त्याने तसं मोकळेपणाने म्हणावं. एवढे पैसे देऊन आनंदही घ्यायचा नाही, असा माझा आग्रह नाही.

सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मोठ्या, जड गाडीत चार सिलिंडरचं छोटं इंजिन टर्बोच्या जोरावर पळतं, पण त्याला सतत कष्ट पडतात. आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन ऐकायला अप्रतिम. पण आजच्या काही व्ही-आठ इंजिनांत टर्बो दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेले असतात. तिथली उष्णता आसपासचे पाइप, वायरी, रबरी सील कडक करून टाकते. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. सहा सिलिंडर एका ओळीत असले की त्यांचे धक्के एकमेकांना आपोआप छेद देतात आणि इंजिन थरथरत नाही. बीएमडब्ल्यूने ही रचना कधी सोडली नाही. मर्सिडीज मधली बरीच वर्षं व्ही-सहा वापरून २०१७ मध्ये पुन्हा तिच्याकडे वळली, आणि त्यानंतर लँड रोव्हरनेही ती घेतली. ठेवायच्या गाडीसाठी सहा सिलिंडर एका ओळीत हा मध्यममार्ग मला पटतो.

मोठं म्हणजे टिकाऊ, हा समज मात्र सोडून द्या. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने आपलं ६.२ लिटरचं व्ही-आठ इंजिन असलेल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात कॅडिलॅक एस्केलेडसारखी आलिशान एसयूव्हीही होती. कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधले उत्पादनातले दोष. तपासणीत जी इंजिनं ठीक ठरली, त्यांना आधीपेक्षा घट्ट, ० डब्ल्यू-४० दर्जाचं ऑईल द्यायचं ठरलं. त्याआधी २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या बोलावल्या, कारण कारखान्यातलं धातूचं कण-कचरा काही इंजिनांत राहून गेला होता. इतकी नावाजलेली कंपनी, तिच्याही नव्या इंजिनाला असं होऊ शकतं. यावरून एक नियम घ्या : नवं इंजिन बाजारात आलं की पहिली दोन वर्षं ते इतरांना चालवू द्या. चार-पाच वर्षं जुनं, चार-पाच मॉडेलांत वापरलेलं इंजिन निवडा. त्याचे आजार मिस्त्र्यांना पाठ झालेले असतात आणि पार्ट भंगारातही मिळतात.

आणखी एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. टायमिंग चेन कुठे आहे? काही जर्मन डिझेल इंजिनांत ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. तिचं काम निघालं तर आधी गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिन उतरवावं लागतं. पार्ट हजारांत आणि मजुरी लाखात, असा प्रकार होतो. असं इंजिन वाईट असतं असं मुळीच नाही. पण ते घेणाऱ्याने ऑईलची हयगय करायची नाही. चेनचं आयुष्य स्वच्छ ऑईलवर अवलंबून असतं.

आता कायद्याची बाजू. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षं. पण दिल्लीत काय घडलं ते लक्षात ठेवायला हवं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणीच दिल्ली परिसरात थांबली होती. ती ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून खुली झाली. २०२५ मध्ये न्यायालयाने जुन्या गाड्यांवरच्या कारवाईत काही दिलासा दिला. महाराष्ट्रात असा दहा वर्षांचा नियम नाही. पण पंधरा वर्षांचा विचार करणाऱ्याने हा धोका डिझेलच्या खात्यात मांडायलाच हवा. कंपन्याही डिझेलपासून दूर जात आहेत. ऑडीने २०२० मध्ये भारतात डिझेल बंद केलं. व्होल्व्होने २०२४ च्या सुरुवातीला जगातली आपली शेवटची डिझेल मोटार बनवली.

पाण्याविषयी थोडं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. रांगेने गाड्या, आणि प्रत्येकीत तीच गोष्ट. गाडी पाण्यात बंद पडली आणि मालकाने पुन्हा किल्ली फिरवली. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. एसयूव्ही उंच असते म्हणून इंजिनाची नाकपुडीही उंचच असेल, असं समजू नका. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला किंवा बटणाला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा.

आणि ऑईल. पुस्तिकेत पंधरा हजार किंवा त्याहून जास्त किलोमीटरला ऑईल बदला, असं लिहिलेलं असतं. तो आकडा सुखाच्या हवामानातला, सुखाच्या रस्त्यांवरचा आहे. मी माझ्या माणसांना सांगतो, साडेसात हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. दर्जा कंपनीने सांगितलेलाच हवा. एक कोटीची गाडी आणि दहा-पंधरा हजारांची काटकसर, यात मी इंजिनं मेलेली बघितली आहेत.

आता दाजींकडे येतो. हिशोबाने त्यांना डिझेल योग्य होतं. पण मी त्यांना विचारलं, "दाजी, पाच वर्षांनी काय करणार?" ते म्हणाले, "बासष्टला सातारा-कोल्हापूर बंद. कराडातच थोडं बघीन. तुझी ताई म्हणते, आता पुरे." म्हणजे पहिली पाच वर्षं गाडी हायवेवर पळणार आणि पुढची दहा वर्षं घर, दवाखाना, मंडई अशी फिरणार. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन वेगळे मालक दडलेले होते. आजच्या मालकासाठी घेतलेलं डिझेल उद्याच्या मालकाच्या हातात गुदमरणार होतं. मी तसं सांगितलं आणि त्यांना हायब्रिड चालवून बघायला लावलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुझं सगळं पटलं. पण गाडी मी नाही ठेवणार, आमचं घर ठेवणार आहे. पोरगं पुढच्या वर्षी एम.एस. होऊन येतंय. कोल्हापूर-सातारा तोच बघणार." ही हिस्टरी मला ठाऊक नव्हती. तिने उत्तर बदललं. त्यांनी एका ओळीतल्या सहा सिलिंडरचं डिझेल घेतलं. मुलगा पुढे मुंबईला रमला तर काय, हा प्रश्न राहतोच. ताईने तो तेव्हाच विचारला होता. त्यावर दाजी म्हणाले, "तसं झालं तर दोन वर्षांत विकू, बारा वर्षं धरून बसणार नाही." हेही शहाणपणाचंच. मावसभावाने हायब्रिड घेतली. आवाजात मजा नाही, अशी त्याची तक्रार चालू आहे. ट्रॅफिकमध्ये ती मूकपणे सरकते, हे त्याच्या आईला फार आवडतं.

तेव्हा श्रोतेहो, शोरूममध्ये जाण्याआधी घरच्यांना बसवून एका कागदावर पाच गोष्टी लिहा. वर्षाला किती किलोमीटर होतात. त्यातल्या किती फेऱ्या अर्ध्या तासाहून लांब असतात. पाच आणि दहा वर्षांनी गाडी कोण, कुठे चालवणार. हे इंजिन बाजारात किती वर्षं आहे. आणि ते उघडू शकणारं वर्कशॉप घरापासून किती लांब आहे. पाचही उत्तरं खरी लिहिलीत तर पेट्रोल का डिझेल हे मला विचारायची गरज फारशी उरणार नाही. कागद मात्र गाडीच्या पुस्तिकेत जपून ठेवा. पाच वर्षांनी काढून वाचा, आणि उत्तरं बदलली असतील तर गाडीविषयीचा निर्णयही बदलायला कचरू नका.